रिकामी घरे, भरलेली घरे

पुण्यात एप्रिलच्या दुपारी, दोनच्या सुमारास, लोकरीचा गुंडा मांडीवर घेऊन दहा मिनिटे विणून पाहावे. तळव्याला घाम येतो, धागा बोटाला धरतो, टाके घट्ट पडू लागतात आणि मांडीवर जमत चाललेल्या कामाची ऊब नकोशी होते. मग ते सगळे बाजूला ठेवून बारीक पोलादी सुई आणि वीस नंबरचा सुती दोरा घ्यावा. दोरा घाम टिपतो, बोटावरून सरकत राहतो आणि तळहातावर मावेल एवढेच काम हळूहळू वाढते. क्रोशा कोणत्या ऋतूचा, या प्रश्नाचे उत्तर आपल्या हवेपुरते तरी या दहा मिनिटांत मिळते.

हे मुद्दाम सांगावे लागते, कारण आपल्याकडे मिळणारी क्रोशाची बरीच पुस्तके बर्फ पडणाऱ्या देशांत लिहिली गेली. त्यांचा पहिला धडा मफलरचा, दुसरा टोपीचा, आणि सुती काम कुठेतरी शेवटी, सुट्टीच्या दिवसांसाठी. पुण्याची थंडी डिसेंबर-जानेवारीची. रात्री पारा दहा-बारा अंशांवर उतरतो, पण सकाळी दहा वाजता स्वेटर खुर्चीच्या पाठीवर गेलेला असतो. उलट मार्चपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत ऊनच ऊन. तरीही शिकायला आलेली मुलगी आधी लोकर विकत घेते. मफलर अर्धा होतो तोवर होळी येते, आणि तो अर्धा मफलर पिशवीत जातो तो जातोच. असे अर्धे मफलर मी पुष्कळ पाहिले आहेत. म्हणून या पुस्तकाची सुरुवात चैत्रापासून केली आहे. लोकरीला यात जागा नाही. तिच्यावर राग नाही, पण तिची पुस्तके भरपूर आहेत.

आधी शब्दांविषयी. ‘क्रोशे’ हा फ्रेंच शब्द, अर्थ छोटा आकडा. मराठीत आकडा म्हणजे टोकाशी वळलेली तार आणि आकडा म्हणजे संख्याही. क्रोशा या दोन्ही अर्थांनी आकड्यांचे काम आहे, हे पुढे दिसेलच. ‘विणणे’ हे आपले क्रियापद मात्र फार उदार आहे. खाट विणतात, टोपली विणतात, पैठणी विणतात, स्वेटर विणतात आणि रुमालही विणतात. प्रत्यक्षात ही कामे एकमेकांपासून दूरची आहेत. मागावर उभे आणि आडवे असे दोन धाग्यांचे संच लागतात. दोन सुयांवरच्या विणकामात धागा एकच, पण पन्नास-साठ टाके एकाच वेळी सुईवर जिवंत असतात. एक जरी निसटला तरी खालपर्यंत शिडी उसवत जाते. क्रोशात धागा एक, सुई एक आणि जिवंत टाकाही एकच. मागचा टाका पुरा केल्याशिवाय पुढचा सुरूच होत नाही. म्हणून दार वाजले, कुकरची शिट्टी झाली, बाळ रडले, की काम आहे तसे ठेवून उठता येते. घरातल्या बाईच्या दिवसाला हे काम इतके सोयीचे का पडले, त्याचे निम्मे कारण मला या एका टाक्यात दिसते.

टाक्यांची मराठी नावे मला फार आवडतात. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब, दोन वेढ्यांचा खांब, कमान, जाळी. ऐकताना एखाद्या वाड्याचे वर्णन चालले आहे असे वाटावे. इंग्रजीत याच टाक्यांचा मोठा घोळ आहे. अमेरिकेत ज्याला ‘सिंगल क्रोशे’ म्हणतात, त्यालाच इंग्लंडात ‘डबल क्रोशे’ म्हणतात, आणि अमेरिकेतला ‘डबल’ इंग्लंडात जाऊन ‘ट्रेबल’ होतो. परदेशी नमुना पाहून विणायला बसलेल्या कितीतरी जणींचे रुमाल या एका गैरसमजाने बसके किंवा लांबुडके झाले असतील. मराठी नावे टाक्याची उंची डोळ्यांपुढे उभी करतात. खांब म्हटले की तो उभा आहे, त्याच्यासाठी सुईवर आधी एक वेढा घ्यायचा आहे, हे कळते. मुका खांब ठेंगणा, बिनवेढ्याचा. तो मुका का, याचे माझे उत्तर असे की उंची दाखवून तो कधी बोलत नाही, पण कडा, मूठ, बंद, जिथे जिथे भार पेलायचा असतो तिथे तोच लागतो. ओळीच्या सुरुवातीला किती साखळ्या घालायच्या, तेही या नावांवरून लक्षात राहते. मुक्या खांबाला एक, अर्ध्याला दोन, खांबाला तीन, दोन वेढ्यांच्या खांबाला चार. या पुस्तकात हीच नावे वापरली आहेत. इंग्रजी नावांची सवय झालेल्या तरुण वाचकांनी पहिली चार पाने सोसावीत. पाचव्या पानापासून तक्रार राहणार नाही.

या कलेला फार प्राचीन समजण्याची चूक मात्र करू नये. आज आपण ज्याला क्रोशा म्हणतो त्याचे छापील नमुने युरोपात एकोणिसाव्या शतकात दिसू लागतात. ‘पेनेलोपे’ नावाच्या डच मासिकात १८२३-२४च्या सुमारास क्रोशाच्या बटव्यांचे नमुने आले होते. त्यानंतरच्या वीस वर्षांत जे घडले ते मला इतिहासातल्या मोठ्या घडामोडींइतके रंजक वाटते. १८४४मध्ये लँकेशायरच्या जॉन मर्सरला कॉस्टिक सोड्याचा सुतावर होणारा परिणाम दिसला. सूत फुगते, गोलसर होते, रंग चांगला धरते. पुढे १८९०च्या सुमारास होरेस लोव याने सूत ताणून धरून तीच क्रिया केली आणि त्याला रेशमासारखी चकाकी आली. आपल्या अँकर दोऱ्याच्या गुंड्यावर ‘मर्सराइज्ड’ असे लिहिलेले असते, ते त्या मर्सरचे नाव. त्याच १८४४च्या सुमारास आंध्रातल्या गोदावरीकाठी, नरसापूरच्या परिसरात, मॅक्रे नावाच्या स्कॉटिश मिशनरी दांपत्याने बायकांना लेस विणायला शिकवले, आणि नरसापूरची क्रोशा लेस आजही जगभर जाते. पाठोपाठ १८४५पासून आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडून दुष्काळ आला, आणि तिथल्या कॉन्व्हेंटांनी उपाशी घरांतल्या बायका-मुलींच्या हाती क्रोशाची सुई दिली. पाने, गुलाब, द्राक्षे सुटी विणून ती जाळीने जोडायची, ही आयरिश क्रोशाची रीत. दिवाणखान्यातल्या शोभेची म्हणून ओळखली जाणारी ही वस्तू पोटाच्या भुकेने इतक्या वेगाने पसरली, हे विसरू नये.

आपल्याकडे ती दोन वाटांनी आली. गोव्यात पोर्तुगीज वळणाची लेस ख्रिस्ती घरांतून रुजली. पोर्तुगीजात लेसला ‘रेंदा’ म्हणतात. देशावर मिशनच्या मुलींच्या शाळा, आणि त्यांच्यामागून आपल्या लोकांनी काढलेल्या संस्था. पुण्यात हुजूरपागा १८८४ची. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८९०मध्ये मुंबईहून पुण्यात आले, पुढे केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. कर्व्यांचा बालिकाश्रम १८९६चा, आणि रमाबाई रानड्यांचे पुण्याचे सेवासदन १९०९चे. बाईला अक्षर यावे आणि हाताला चार पैसे मिळवून देणारे कामही यावे, हा त्या काळाचा दुहेरी विचार होता. शिवण, भरतकाम, विणकाम हे त्यातले ‘हाताचे काम’. पण मला वाटते, क्रोशाचा खरा प्रसार वर्गांतून झाला नाही. तो वाड्याच्या चौकात झाला. एकीने दुसरीचा रुमाल पाहिला, उलटसुलट केला, घरे मोजली आणि आठ दिवसांत स्वतःचा केला. नमुना म्हणजे कागद नव्हे. नमुना म्हणजे शेजारणीचा रुमाल.

त्या रुमालांनी मध्यमवर्गीय पुण्याच्या किती वस्तूंवर झाकण घातले ते आठवावे. पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३मध्ये सुरू झाले आणि घरोघरच्या रेडिओवर रुमाल चढला. सत्तरच्या दशकात टीव्ही आला, रुमाल लांब झाला, पुढे झालर आली. मग फ्रिज, मग मिक्सर, मग टेलिफोन. रुखवतात क्रोशाचा थालपोस नसेल तर मुलीच्या आईकडे बघणाऱ्या नजरा मी पाहिल्या आहेत. पुढे टीव्ही भिंतीला चिकटला, त्याच्यावर रुमाल ठेवायला जागाच उरली नाही, आणि एक सबंध परंपरा धूळ धरते म्हणून कपाटात गेली. यात दुःख करण्यासारखे फारसे नाही. टीव्हीला रुमालाची गरज कधीच नव्हती. उन्हाळ्याला मात्र क्रोशाची गरज होती आणि आहे.

उन्हाळ्यातल्या क्रोशाचे मर्म भोकांत आहे. शिकणारी मुलगी खांब नीट यावेत म्हणून जीव टाकते. तिला सांगावे लागते की खांब तुझे नाहीत, खांबांमधली हवा तुझी आहे. जाळीकामाच्या चौकटीत हे सर्वांत स्वच्छ दिसते. एक खांब, दोन साखळ्या, पुन्हा खांब: हे झाले रिकामे घर. दोन साखळ्यांच्या जागी दोन खांब: हे भरलेले घर. यापलीकडे यात काही नाही. दहा घरांची पट्टी हवी तर दहा त्रिक तीस, आणि शेवटचा खांब एक, असे एकतीस टाके. भरलेल्या घरांतून मोर उमटतो, हंस उमटतो, कलश उमटतो. घरे मोजता येणाऱ्या कुणालाही हे येते.

ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या आपल्या बायकांना हा आलेख वाचायला कुणी शिकवावा लागला नाही. त्यांचे डोळे आधीच चौकटीत बसलेले होते. चैत्रात दारापुढे चैत्रांगण काढतात. गौरीची पावले, शंख, चक्र, पद्म, सूर्य, चंद्र, तुळशीवृंदावन, गोपद्म, कासव, हत्ती. यातले एकेक चिन्ह पंधरा-वीस घरांच्या चौकोनात सहज बसते. या पुस्तकातल्या मोठ्या कामांपैकी पहिले काम तेच आहे: चैत्रगौरीच्या पाटाखाली घालायचा चैत्रांगणाचा रुमाल, सुटे चौकोन विणून जोडलेला. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. म्हणजे पाडव्याला सुई हातात घेतली तरी आंब्याची डाळ आणि पन्ह्याच्या हळदीकुंकवाला चार चौकोन तरी तयार असतात. उरलेले पुढच्या वर्षी. गौर दर वर्षी येते.

देवनागरी अक्षरांविषयी एक निरीक्षण इथेच नोंदवते. जाळीकामात रोमन अक्षरे सुटी सुटी तरंगतात. आपल्या अक्षरांना शिरोरेखा आहे. भरलेल्या घरांची एक सलग ओळ घातली की सगळा शब्द तिला लोंबतो. ‘सुस्वागतम’ची तोरणे आपल्याकडे इतकी झाली, त्यात शिरोरेखेचा वाटा नक्की आहे. जोडाक्षराला मात्र उंची लागते, नऊ-दहा ओळींच्या आत ‘स्वा’ वाचता येत नाही. माझे पहिले तोरण मी सातवीच्या सुट्टीत विणले आणि आलेखाची प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे वाचली. काम दर ओळीला उलटते, तेव्हा एक ओळ उजवीकडून आणि पुढची डावीकडून वाचायची असते, हे मला ठाऊक नव्हते. तयार झाले ते कोणत्याही भाषेतले नव्हते. आत्याने ते दारावर लावू दिले, कारण तिच्या मते पाहुण्यांना अर्थ कळलाच पाहिजे असे नाही.

गोल रुमालाचे गणित याहून खोल आहे आणि त्यावर थोडे थांबायला हवे. गोल विणताना दर फेरीला किती टाके वाढवायचे? जुन्या बायका सांगत: मुक्या खांबाला सहा, खांबाला बारा. हे कुठून आले? वर्तुळाचा परीघ त्रिज्येच्या सव्वासहापटीहून किंचित जास्त असतो. एक फेरी वाढली म्हणजे त्रिज्या एका टाक्याच्या उंचीने वाढली. तेव्हा परीघ त्या उंचीच्या सव्वासहापट वाढायला हवा. मुका खांब जेवढा रुंद, जवळपास तेवढाच उंच. म्हणून सहा टाके वाढवले की काम सपाट बसते. खांब रुंदीच्या साधारण दुप्पट उंच, म्हणून बारा. बाराहून कमी वाढवले तर कडा आत वळते आणि टोपडे होते. जास्त वाढवले तर काठ लाटा घेऊ लागतो, झालर होते. दर ठरावीक टाक्यांमागे एक टाका वाढवत गेले, तर त्या लाटा फेरीगणिक अधिकाधिक दाटत जातात. १९९७मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डाइना तायमिन्या या गणितज्ञ बाईंनी नेमके हेच करून विद्यार्थ्यांच्या हाती अतिपरवलयी पृष्ठभाग दिला. समांतर रेषांचा युक्लिडचा नियम जिथे मोडतो ती भूमिती तोवर कागदाच्या फाटक्यातुटक्या प्रतिकृतींवर शिकवली जात होती. फुलदाणीखाली झालरीचा रुमाल घालणाऱ्या आपल्या मावश्यांच्या बैठकीत ती भूमिती आधीपासून पडून होती, एवढे म्हणायला हरकत नाही. त्यांना ती माहीत होती असे मात्र म्हणू नये. माहीत असणे आणि हाताला येणे यांत फरक आहे, आणि दोन्हींचा मान वेगवेगळा राखला पाहिजे.

आता उन्हाळ्याच्या वस्तू. सर्वांत छोटी आणि माझ्या लेखी सर्वांत देखणी वस्तू म्हणजे पन्ह्याच्या भांड्यावरची जाळी. मधे खांबांचा दाट गोल, भोवती साखळ्यांच्या कमानी आणि काठाला काचेचे मणी. मणी शोभेचे नाहीत. त्यांच्या वजनाने जाळी भांड्याच्या काठावरून खाली ओढून बसते, पंख्याच्या वाऱ्याने उडत नाही. माशी आत जात नाही, वाफ कोंडत नाही. मणी आधी दोऱ्यात ओवून घ्यायचे आणि मग विणायला बसायचे. हे न कळून पुष्कळजणी शेवटी सुईदोऱ्याने मणी शिवतात, आणि ते चौथ्या धुण्याला गळतात.

बाजाराची पिशवी आज सगळ्यांना शिकायची असते. राज्यात २०१८मध्ये प्लास्टिकबंदी आली तेव्हापासून तर जास्तच. पाच साखळ्यांची कमान, तिच्या टोकाशी एक मुका खांब, पुढच्या ओळीत कमानीच्या मधोमध पुन्हा तेच, अशी ही जाळी फार लवकर होते. पण ती फसवी आहे. रिकामी असताना दीड वीत दिसणारी पिशवी मंडईतून दोन किलो कैऱ्या घेऊन निघाली की गुडघ्याशी येते. म्हणून ती आखूडच विणावी, बूड दाट खांबांचे करावे आणि बंद नुसत्या साखळीचे कधीच करू नयेत. साखळी ताणते. मुक्या खांबाच्या चार ओळींचा बंद ताणत नाही आणि खांद्याला काचतही नाही. सुताचा एक गुण इथे उपयोगी पडतो. लोकर भिजली की दुबळी होते, सूत भिजले की उलट अधिक बळकट होते. पिशवी कितीही धुतली तरी चालते ती त्यामुळे.

कपड्यांबद्दल माझे मत पुष्कळांना पटणार नाही. समाजमाध्यमांवर अखंड क्रोशाचे झगे दिसतात. जाळीचे आहेत म्हणजे उन्हाळ्याचे असणार, असे वाटते. पण तेवढ्याच क्षेत्रफळाला क्रोशा दोन सुयांच्या विणकामापेक्षा बराच अधिक धागा खातो, आणि सुताला लोकरीसारखी उसळी नाही. आख्खा झगा अंगावर जड होतो आणि संध्याकाळपर्यंत चार बोटे लांबतो. तेव्हा मलमल किंवा खादीच्या कुर्त्याला क्रोशाचा गळा, बाहीला लेस, परकराच्या घेराला काठ, एवढेच करावे. जोडण्याआधी कापड आणि लेस दोन्ही स्वतंत्र धुऊन वाळवून घ्यावीत. नाहीतर पहिल्या धुण्यात दोन्ही वेगवेगळ्या मापाने आटतात आणि शिवणीला चुण्या पडतात. बाळाची उन्हाळी टोपी मात्र पूर्ण क्रोशाची असावी. फेरीला बाराचा हिशेब कपाळापर्यंत पाळायचा, मग वाढ थांबवायची. गणित तेच, फक्त वेळेवर सोडलेले.

हल्ली क्रोशाचा मोगऱ्याचा गजरा निघाला आहे. कॉलेजच्या मुली हौसेने करतात, कार्यक्रमांत घालतात, आणि काम खरोखर नाजूक असते. मी तो शिकवते. पण एप्रिलमध्ये तुळशीबागेपाशी खरा गजरा ओला, गुंडाळून मिळत असताना कुणी बिनवासाचा का घालावा, हे मला समजलेले नाही.

खळीविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण आपल्याकडचे उन्हाळ्याचे आणि क्रोशाचे सर्वांत जुने नाते तिथे आहे. क्रोशाचा रुमाल सुईवरून उतरतो तेव्हा तो चुरगळलेल्या पानासारखा दिसतो. त्याला धुऊन, पातळ खळीत बुडवून, पिळून, सतरंजीवर टाचण्यांनी ताणून उन्हात वाळवावा लागतो. मग भोके उघडतात. खळ साबुदाण्याची किंवा तांदळाच्या पेजेची. आमच्या गच्चीवर ती कुरड्यांच्या दिवसांत होई. गव्हाचा चीक शिजवून झाला की पातेल्याच्या बुडाशी राहिलेला विसळून आजी त्यात रुमाल बुडवायची. एका साडीवर कुरड्या, शेजारच्या चटईवर रुमाल, आणि दोन्हींवर कावळ्यांपासून राखण करायला आम्ही मुले. चीक काय आणि खळ काय, दोन्ही स्टार्चच. पावसाळ्यात मात्र खळ घालू नये. दमट हवेत बुरशी धरते आणि कसर येते. जूनपूर्वी रुमाल धुऊन, खळ काढून, कोरडे करून ठेवावेत.

एवढे सगळे सांगितल्यावर श्रमाचा प्रश्न टाळणे बरे नव्हे. ‘फावल्या वेळातले काम’ हा शब्दप्रयोग मला टोचतो. दुपारची जेवणे आवरल्यापासून चारच्या चहापर्यंतचा तास-दीड तास बाईचा फावला वेळ नव्हता. तो तिचा एकटीचा वेळ होता, आणि तिने तो रिकाम्या हातांनी घालवू नये अशी घराची अपेक्षा होती. क्रोशा हा त्या अपेक्षेशी केलेला समझोता होता. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवर १९८२मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांनी दाखवले की या बायका जगाच्या बाजारासाठी दिवसचे दिवस राबत होत्या. तरी त्यांना कामगार न म्हणता ‘घरी बसणाऱ्या’ म्हटले जाई, आणि मजुरी त्या हिशेबाने कमी राही. ते वाचल्यापासून प्रदर्शनात कुणी रुमालाची किंमत ऐकून भुवया उंचावल्या की मी दोऱ्याचा हिशेब सांगत नाही, तास सांगते. चाळीस नंबरच्या दोऱ्याचा वीतभर व्यासाचा अननसाच्या नमुन्याचा रुमाल माझ्या सवयीच्या हातालाही तीन दुपारी घेतो. २०१६मध्ये चेन्नईला देशभरातल्या बायकांनी विणलेले तुकडे जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचे पांघरूण झाले आणि गिनेसच्या पुस्तकात गेले. त्या आकड्याचे कौतुक जरूर व्हावे. त्यात किती दुपारी गेल्या, हा आकडाही कुणी लिहून ठेवायला हवा होता.

नवीन वाचकाने सुरुवात कशी करावी? वीस नंबरचा पांढरा दोरा आणि सव्वा मिलिमीटरची सुई घ्यावी. चाळीस नंबर दिसायला मोहक, पण तो बारीक. नंबर वाढतो तसा दोरा बारीक होतो, हे दुकानात लक्षात ठेवावे. हात धुऊन बसावे, गुंडा झाकणाच्या डब्यात ठेवून झाकणाच्या भोकातून दोरा बाहेर घ्यावा, म्हणजे तो लोळत नाही आणि मळत नाही. पहिले आठ दिवस नुसती साखळी. टाके सारखे येईपर्यंत साखळी, आणि मग उसवून पुन्हा साखळी. उसवण्याला या कलेत कमीपणा नाही. कापलेले कापड परत जुळत नाही, उसवलेला दोरा मात्र जसाच्या तसा हातात येतो.

शेवटी एक विनंती, आणि ती माझ्या स्वार्थाची आहे. नारायण पेठेतल्या आमच्या घरातली आजीची ट्रंक १२ जुलै १९६१च्या पानशेतच्या पुरात गेली. तिच्या रुमालांपैकी एकच राहिला, कारण तो तिने साताऱ्याच्या बहिणीला लग्नात दिला होता. या पुस्तकातल्या कडेच्या नमुन्यांपैकी पहिला त्या रुमालाचा आहे. तो मी घरे मोजून उतरवला. आपल्या कपाटात, उशीच्या अभ्र्यांखाली, जुन्या पातळाच्या घडीत असा एखादा रुमाल असेल. पिवळा पडला असेल, एका कोपऱ्यात उसवला असेल. टाकून देण्याआधी चौकटीची वही घ्या, घरे मोजा, भरलेल्या घरांत पेन्सिलीने फुल्या मारा. खाली विणणारीचे नाव लिहा, तिचे माहेर लिहा आणि आठवत असेल तर साल लिहा.